माहेरची दर्शनं

चव्वेचाळिसाव्या वर्षी मी तत्त्वज्ञान विषय घेऊन बाहेरून एम.ए.ला बसले. दिवसा पुण्यात नोकरी, रात्री स्वयंपाकघरातल्या टेबलावर अभ्यास. जैन दर्शनाच्या पेपरासाठी स्याद्वादाचे, म्हणजे कुठलंही विधान सात अंगांनी मांडण्याच्या जैन रीतीचे, सात भंग पाठ करत होते, तेव्हा एका रात्री आठवलं की बेळगावातल्या शहापूरला आमच्या भिंतीला भिंत लागून जे घर होतं, ते जैनांचंच. त्या घरात मी दहा वर्षं खेळले. दिवस मावळायच्या आत त्यांची जेवणं उरकतात, बटाटा घरात येत नाही, एवढंच मला माहीत होतं. का, ते एकदाही विचारलं नव्हतं.

आमचं घर वारकरी वळणाचं. आजोबा माळकरी, संध्याकाळी हरिपाठ, एकादशीला साबुदाणा. ‘सगळे धर्म शेवटी एकच सांगतात’ हे वाक्य मी शाळेतल्या वक्तृत्व स्पर्धेपासून म्हणत आले, आणि मनापासून म्हणत आले. अभ्यासात ते वाक्य टिकलं नाही. जग घडवणारा ईश्वर जैनांना मान्य नाही. कायम टिकणारा आत्मा बौद्धांना मान्य नाही. दगडाचं देऊळ बांधून देव भेटतो हे वचनकार शरणांना, म्हणजे बसवण्णांच्या वाटेने गेलेल्या बाराव्या शतकातल्या संतांना, मान्य नाही. हे सगळे एकच सांगतात असं म्हणायचं, तर प्रत्येकाचं निम्मं बोलणं कानाआड करावं लागतं.

मग वाटलं, जे पुस्तकात वाचलं ते माझ्या माहेरी गाडीने दोन-दोन तासांच्या अंतरावर उभं आहे, आणि मी ते कधी या डोळ्यांनी पाहिलंच नाही. दिवाळी झाल्यावर रजा काढली. दादा म्हणाला, “मी येतो की, गाडी हाय.” त्याचं कन्नड पक्कं, माझं बाजारापुरतं. म्हणून बरंच झालं.

पहिला दिवस : किल्ला

सकाळी बेळगावात चांगलाच गारठा होता. किल्ल्यातली कमल बस्ती (बस्ती म्हणजे जैन मंदिर) मी शाळेच्या सहलीत पाहिली होती, म्हणजे तिच्यासमोर रांगेत उभी राहिले होते. रट्ट राजा चौथा कार्तवीर्य, त्याचा मंत्री बीचण याने बांधलेली, साल १२०४. आत नेमिनाथांची काळ्या पाषाणाची मूर्ती.

या वेळी मी मुखमंडपात मान वर करून बराच वेळ उभी राहिले. छतातून दगडी कमळ खाली उमललेलं आहे. बहात्तर पाकळ्या, आणि पाकळ्यांवर तीर्थंकर. भूतकाळातले चोवीस, आत्ताचे चोवीस आणि अजून व्हायचे आहेत ते चोवीस. या शेवटच्या चोविसांपाशी मी अडकले. जे अजून जन्मलेच नाहीत त्यांना दगडात आधीच जागा दिलेली. पेपरात मी लिहिलं होतं, ‘जैन मतानुसार काल अनादी व अनंत आहे.’ सहा गुणांचं उत्तर. ज्या कारागिराने त्या चोवीस पाकळ्या कोरल्या त्याला ते वाक्य माझ्यापेक्षा जास्त कळलं होतं.

तिथून जवळच सफा मशीद आहे. आदिलशाही सरदार असदखानाच्या काळातली, सोळाव्या शतकातली. तिच्या दोन खांबांवर रट्ट आणि यादव काळातले जुने लेख आहेत. म्हणजे ते खांब आधी दुसऱ्या कुठल्यातरी इमारतीत उभे होते, हे उघड आहे. अशा जागी दोन प्रकारची घाई होते. कुणी लगेच हिशेब चुकते करायला निघतं, कुणी लगेच ‘बघा किती छान एकोपा’ म्हणून मोकळं होतं. मला दोन्ही नको वाटलं. एका काळातल्या लोकांनी जे पवित्र म्हणून उभं केलं ते दुसऱ्यांनी काढून आपल्या पवित्र जागेला लावलं, यात वेदनाही आहे आणि जे उरलं तेही आहे. एकाच्या नावाखाली दुसरं झाकू नये.

दुसरा दिवस : रिसालदार गल्ली आणि हिंदवाडी

१८९२ च्या ऑक्टोबरात स्वामी विवेकानंद कोल्हापूरहून बेळगावला आले. तेव्हा शिकागो नव्हतं, कीर्ती नव्हती. वकील सदाशिवराव भाटे यांच्या रिसालदार गल्लीतल्या घरी ते तीन दिवस राहिले, मग हरिपद मित्र या वनाधिकाऱ्यांकडे गेले. भाट्यांचा मुलगा तेव्हा पाणिनीची अष्टाध्यायी पाठ करत होता. त्याने नंतर आठवण लिहिली, की मी जे रडत-कुढत पाठ करत होतो ते स्वामींना माझ्यापेक्षा चोख येत होतं. जेवणानंतर त्यांनी पान-तंबाखू मागितली आणि घरच्यांना धक्का बसला, हेही त्याच आठवणींत आहे.

लहानपणी आम्हाला एवढंच सांगायचे की स्वामीजी इथे राहिले. ते पुढे कुठे गेले, हे नंतर वाचलं. बेळगावहून ते गोव्याला गेले, आणि तिथे राशोलच्या सेमिनरीत ख्रिस्ती धर्मशास्त्राचे जुने ग्रंथ पाहत राहिले. एक संन्यासी पाणिनी पाठ असताना पाद्र्यांच्या ग्रंथालयात जाऊन बसतो, ते वाद जिंकायला नव्हे, मुळातून समजून घ्यायला. आमच्या गल्लीबोळातून गेलेल्या वाटेचा पुढचा टप्पा हा होता, हे शाळेत कुणी सांगितलं असतं तर मी कॅम्पातल्या चर्चपुढून इतकी वर्षं नुसती सायकल दामटत गेले नसते.

दुपारी हिंदवाडीत गुरुदेव रानडे मंदिरात गेलो. रामचंद्र दत्तात्रेय रानडे, जन्म १८८६, गाव जमखंडी. पुण्यात फर्ग्युसनमध्ये आणि पुढे अलाहाबादला तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक, आणि त्याच वेळी नेम न चुकवता नामस्मरण करणारे साधक. १९५७ साली निंबाळला त्यांनी देह ठेवला. १९३६ मध्ये राधाकृष्णन आणि म्यूरहेड यांनी समकालीन भारतीय तत्त्वज्ञांचे लेख एकत्र केले, त्यात रानड्यांनी आपला विचार कसकसा घडत गेला यावरच लेख दिला. अनुग्रह त्यांना १९०१ साली, कोवळ्या वयात मिळाला होता. म्हणजे भक्ती आधी, तत्त्वज्ञान नंतर. उपनिषदं, ग्रीक, युरोपातले ख्रिस्ती संत, मराठी संत, हिंदी संत, कन्नड शरण आणि दास, एकेक परंपरा त्यांनी आयुष्यभर वाचली. पण नामस्मरणाची बैठक सोडून वाचली नाहीत.

हेच मला महत्त्वाचं वाटतं, आणि इथेच माझं त्यांच्याशी जुळत नाही. रानडे सगळ्या गूढवाद्यांच्या अनुभवाला एकच भाषा मानतात. सेंट जॉन असो की तुकोबा, आतला अनुभव एक. असं म्हणण्याचा अधिकार त्यांचा आहे, कारण त्यांनी तो घेतला असेल. मी घेतलेला नाही. अनुभव न घेता मी त्यांचा निष्कर्ष उसना घेतला, तर ते पुन्हा माझं वक्तृत्व स्पर्धेचं वाक्यच होईल.

त्यांच्या परंपरेचा धागा मात्र मला फार जवळचा वाटतो. निंबर्गी महाराज लिंगायत घरातले. त्यांचे शिष्य उमदीचे भाऊसाहेब महाराज देशपांड्यांच्या घरातले ब्राह्मण. रानडे त्यांचे शिष्य. संप्रदायात रोजचं वाचन दासबोधाचं आणि भजनं मराठी-कन्नड दोन्ही. उपदेश घेताना भाषा आणि जात आड आली नाही, हे या भागात झालं आणि अजून चालू आहे. सभामंडपात एक आजी भिंतीला टेकून कन्नडमध्ये काही पुटपुटत बसल्या होत्या. दादाने त्यांना विचारलं, तर मराठीत म्हणाल्या, “मोजूलालोय बाबा, मधे बोलू नको.” आम्ही गुपचूप बाहेर आलो.

तिसरा दिवस : हलशी, कक्केरी

खानापूर सोडलं की माती लाल होते आणि भाताची मळणी रस्त्यावर येते. नंदगडला इंग्रजांशी लढलेल्या संगोळ्ळी रायण्णांच्या समाधीपाशी पाच मिनिटं थांबून पुढे हलशी.

हलशी म्हणजे कदंबांची पळाशिका, त्यांची दुसरी राजधानी. इथलं भूवराह-नरसिंह मंदिर आतून वेगळंच आहे. दोन गाभारे समोरासमोर, एकात नरसिंह, दुसऱ्यात पृथ्वीला उचललेला वराह. दर्शन घेणारा दोघांच्या मध्ये उभा राहतो. एकाकडे तोंड केलं की दुसऱ्याकडे पाठ होतेच. मी दोन-तीनदा वळले. पुजारीकाका मराठीत म्हणाले, “सगळ्यांचं असंच होतंय. आधी कुठं बघायचं ते तुमचं तुम्ही ठरवा.”

पण हलशीला मी ज्यासाठी आले होते ते देवळाच्याही आधीचं. पाचव्या शतकात कदंब राजा मृगेशवर्म्याने वडिलांच्या स्मरणार्थ पळाशिकेत जिनालय बांधलं आणि जैन मुनींच्या संघांना जमीन दिली. ताम्रपटात संघांची नावं आहेत. यापनीय, निर्ग्रंथ, कूर्चक. राजाचं घराणं वैदिक यज्ञ करणारं, आणि दान जैनांना.

यापनीयांबद्दल मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक बंद करून बसले होते. त्यांचे मुनी दिगंबरांसारखे नग्न राहत, पण स्त्रीला याच जन्मात, स्त्रीच्याच देहात मोक्ष मिळू शकतो हे श्वेतांबरांचं मत त्यांना मान्य होतं. दोन्हीकडचं एकेक घेऊन ते उभे होते. पुढे हळूहळू संपले. आज ‘मी यापनीय’ म्हणणारं जगात कुणी नाही. हलशीच्या जुन्या बस्तीच्या दगडांपाशी उभं राहून मला एकाच गोष्टीचं वाईट वाटत होतं. स्त्रीच्या मोक्षाचा प्रश्न ज्यांनी इतका लावून धरला त्यांची आठवण या लाल मातीत राहिली, आणि या भागात वाढलेल्या आम्हा मुलींना ती कुणी दिली नाही.

तिथून कक्केरीला गेलो. बाराव्या शतकात कल्याणमध्ये (आजचं बसवकल्याण) शरणांवर संकट आलं, तेव्हा चन्नबसवण्णांबरोबर उळवीकडे निघालेल्यांत डोहर कक्कय्या होते, आणि त्यांना या वाटेवर कक्केरीला मरण आलं, असं परंपरा सांगते. कातडी कमावणाऱ्या जातीतला माणूस. बसवण्णांनी एका वचनात मादार चन्नय्यांना ‘अप्प’ म्हटलं आणि कक्कय्यांना ‘बोप्प’. दोन्ही शब्दांचा अर्थ बाप. ब्राह्मण घरात जन्मलेला, राज्याचा कारभार पाहणारा माणूस हे म्हणतो. दादाने मला ते वचन कन्नडमध्ये म्हणून दाखवलं आणि ‘बोप्प’ शब्दावर त्याचा आवाज जरा बसला. आमचे वडील गेल्यानंतर त्याला तो शब्द पहिल्यांदाच तोंडात आला असावा.

समाधीपाशी सोलापूरकडून आलेलं एक कुटुंब होतं. ककय्या समाजाचे लोक, मराठी बोलणारे. त्यांना कन्नड येत नाही, वचन वाचता येत नाही. तरी आठशे वर्षांपूर्वीच्या आपल्या माणसाला भेटायला एवढ्या लांब आले होते. त्यांच्या डब्यातली चटणी-भाकरी त्यांनी आम्हाला आग्रहाने वाढली.

चौथा दिवस : सौंदत्ती

यरगट्टीवरून सौंदत्तीला, यल्लम्माच्या डोंगरावर. पौर्णिमा नव्हती, तरी डोंगरावर कोल्हापूर-सांगलीकडच्या गाड्या होत्या. ‘उदो गं आई उदो’चा गजर, कपाळं भंडाऱ्याने पिवळी, हवेतही भंडारा. जोगत्यांचं चौंडकं सुरू झालं की अंगावर काटा येतोच, मला आला.

पण इथे मला जे वाटलं ते गोड करून सांगायचं नाही. याच देवीच्या नावाने पिढ्यान् पिढ्या मुली देवदासी म्हणून सोडल्या गेल्या. त्या बहुतेक दलित घरांतल्या. कर्नाटकात १९८२ साली त्याविरुद्ध कायदा झाला. परंपरा अभ्यासायची म्हणजे तिच्यातलं सगळं पोटात घालायचं नाही. एका म्हाताऱ्या जोगतिणीने माझ्या कपाळाला भंडारा लावला. तिच्या अंगठ्याचं नख मुळापर्यंत पिवळं झालं होतं, धुवून न जाणारं. मी विचारलं, “मावशी, तुम्ही केव्हापासनं?” ती म्हणाली, “कळायच्या आधीपासनं, बाई.” मी तिच्या पायाला हात लावला. नमस्कार देवीला केला की तिला, हे मला सांगता येणार नाही.

परतताना आम्ही दोघं फारसं बोललो नाही. दादाने गोकाकचा करदंट घ्यायला गाडी थांबवली, तेवढंच.

पाचवा दिवस : भोजच्या परिसरात

पहाटे पाचला निघालो. उसाच्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टर आधीच रस्त्यावर होते. माझी एक वर्गमैत्रीण भोजजवळच्या गावात सून होऊन गेली आहे. घर जैन शेतकऱ्यांचं. दूधगंगा-वेदगंगेच्या या पट्ट्यात दिगंबर जैन म्हणजे नांगर धरणारी माणसं, हे पुण्यात सांगितलं तर लोकांना नवल वाटतं. दिगंबर मुनींची परंपरा विसाव्या शतकात ज्यांनी पुन्हा उभी केली ते आचार्य शांतिसागर या भोजचे. जन्म १८७२. १९५५ मध्ये कुंथलगिरीला सल्लेखना, म्हणजे अन्नपाणी सोडण्याचं व्रत, घेऊन त्यांनी देह ठेवला. आचार्य विद्यासागरही इथून जवळच्या सदलग्याचे.

त्या दिवशी गावात एक मुनी मुक्कामाला होते आणि मैत्रिणीच्या घरी आहाराची तयारी होती. विहिरीचं पाणी गाळून उकळलेलं, भाजीचा एकेक देठ पाहून निवडलेला. मुनी दिवसातून एकदाच जेवतात, उभ्याने, ओंजळीत. कुठल्या घरी थांबायचं हे मनात काही खूण धरून निघतात. ती खूण दिसली नाही तर उपाशी परततात. दहाच्या सुमाराला घरातले सगळे दारात हात जोडून उभे राहिले. “हे स्वामी, नमोस्तु, नमोस्तु, नमोस्तु, अत्र तिष्ठ, तिष्ठ.” मुनी आले, थांबले. मैत्रिणीच्या डोळ्यांत तेव्हाच पाणी आलं.

मी उंबऱ्याशी भिंतीला चिकटून पाहत होते. ते ओंजळ धरून उभे. आधी पाणी, मग दूध, मग भाताचे घास. प्रत्येक घास अंगठ्याने दाबून, पाहून, मग तोंडात. कुणी बोलत नव्हतं. चार-पाच घास झाले असतील. मैत्रिणीने पुढचा घास ठेवला आणि त्यांचा अंगठा थांबला. भातात केस होता. एक, बारीक. त्यांनी ओंजळ सोडली. अन्न खालच्या परातीत पडलं. अंतराय, म्हणजे आहारात विघ्न. आहार संपला. आता उद्या दहापर्यंत पाण्याचा थेंबही नाही. चेहऱ्यावर राग नाही, दुःख नाही, काहीच नाही. हात धुतले, पिंछी-कमंडलू घेतलं आणि आशीर्वाद देऊन निघून गेले.

मैत्रीण परातीपाशी बसून रडायला लागली. मी म्हटलं, “अगं, एक केस.” ती म्हणाली, “त्यांना उपास पडला म्हणून नाही गं. ते खपवतील. माझं लक्ष कमी पडलं म्हणून.”

तिच्या सासऱ्यांना सगळे आप्पा म्हणतात. ओसरीवर त्यांच्याशी बोलताना मी बालपणापासून राहिलेला प्रश्न विचारला. जग चालवणारा देव तुम्ही मानत नाही, मग बस्तीत जाऊन मागता काय?

“मागायचंच नसतंय,” आप्पा म्हणाले. “त्यांनी जे मिळवलं ते आपल्यात यावं म्हणून नमस्कार. ते काही देत न्हाईत आणि रागावत बी न्हाईत. म्हणून त्यांच्यापुढं लबाडी करून उपयोग नसतोय.”

“आणि तवंदीचा ब्रह्मदेव? तिथल्या बस्तीचा राखणदार?”

ते थोडा वेळ गप्प राहिले. “तिथं मागतो,” म्हणाले. “पोरगं आजारी पडलं की माणूस मागतोय. खोटं कशाला सांगू?”

सातशे पानांच्या पाठ्यपुस्तकात मला जैन दर्शन आणि जैन माणूस यांच्यातलं हे अंतर इतक्या सरळपणे कुणी दाखवलं नव्हतं.

परतीच्या वाटेवर निपाणी. १९२५ च्या एप्रिलात इथे बहिष्कृतांची परिषद भरली होती, अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर. वय तेहतीस. येवल्याची घोषणा त्यानंतर दहा वर्षांनी, १९३५ ला, आणि नागपूरची दीक्षा १९५६ ला. मधली एकवीस वर्षं त्यांनी धर्म वाचले, तपासले, पडताळले. त्या काळात त्यांना ‘सगळे एकच सांगतात’ असं वाटलं असतं तर बदलायचं काही कारणच उरलं नसतं. धर्माधर्मांत फरक असतो आणि त्या फरकाने माणसाचं आयुष्य बदलतं, हे ज्याला भोगून कळलं त्याने निवड केली. निपाणीच्या बसस्थानकासमोर चहा पिताना मी दादाला हे सांगत होते आणि चहा निवला.

तवंदी घाटात स्तवनिधीला उतरलो. नवखंड पार्श्वनाथांपुढे हात जोडले आणि काही मागितलं नाही. पहिल्यांदाच. फार अवघड गेलं. पुण्यात मुलीची बारावी आहे. मग ब्रह्मदेवापुढे गेले.

रात्री घरी पोचलो तर आई वाट बघत बसली होती. भंडारा दिला, तो तिने कपाळाला लावला. हलशीचं तीर्थ दिलं. मग म्हणाली, “आणि त्या जैनांच्या देवाचा प्रसाद कुठं गे?”

मी सांगितलं, की त्यांच्यात वाहिलेलं परत घेऊन खात नाहीत. त्यांच्या देवाला भूक नाही, तो काही घेत नाही, देत नाही. आप्पा म्हणाले ते सगळं सांगितलं. अंतरायाचंही सांगितलं. आई शेवटपर्यंत हात थांबवून ऐकत होती. मग उठून तिने विठोबापुढचं नैवेद्याचं ताट झाकलं आणि माझ्याकडे न बघताच विचारलं,

“आणि आमच्या विठोबाला भूक लागत्या, असं तुला वाटूलाय काय?”

मी म्हटलं, “नाही.”

“मग चाळीस वर्षं मी काय करूलालोय, ते तुझ्या पुस्तकात बघून सांग मला उद्या.”